पीएफए लायनिंगच्या गळ्यावर पावसाळ्यातच येणारी ठिणगी

"सर, परत स्पार्क यायलाय."

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये हे वाक्य मी सलग दोन पावसाळे ऐकलं. स्पार्क, म्हणजे विजेच्या टेस्टमध्ये व्हॉल्व्हच्या आतल्या अस्तराला भोक सापडलं. जॉब एकच. दोन इंची, म्हणजे ५० मिमीचा, दीडशे क्लासचा (हा दाबाचा दर्जा) बॉल व्हॉल्व्ह, डब्ल्यूसीबीची, म्हणजे ओतीव कार्बन स्टीलची, दोन तुकड्यांची बॉडी, आत ३ मिमी पीएफएचं, म्हणजे आम्लाला दाद न देणाऱ्या टेफ्लॉनच्या जातीच्या प्लास्टिकचं, लायनिंग. जागाही जवळजवळ एकच: बोअर (आतली गोल वाट) संपून लायनिंग फ्लँजच्या तोंडावर वळतं तो कोपरा. आम्ही त्याला गळा म्हणतो. उन्हाळ्यात हीच डाय, हाच प्रेस, हीच माणसं, आणि माल बिनबोभाट पास व्हायचा. जूनमध्ये झड लागली की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात टेस्टिंगच्या टेबलाजवळ लाल खडूनं फुली मारलेल्या बॉड्यांची रांग लागायची.

ज्यांच्याकडे हेच चाललंय त्यांच्यासाठी लिहितोय. पहिला पावसाळा आम्ही प्रेसचा दाब आणि पॉटचं, म्हणजे पीएफए वितळवायच्या भांड्याचं, तापमान वरखाली करण्यात घालवला. तो पूर्ण वाया गेला. ठिणगी लायनिंगवर दिसते म्हणून पहिला राग लायनिंग करणाऱ्यावर निघतो. आमच्याकडे खोट लोखंडात होती, आणि लोखंड ज्या वाटेनं प्रेसपर्यंत येत होतं त्या वाटेत.

आधी ठिणगी खरी आहे का ते बघा

आमचा स्पार्क टेस्टर १५ किलोव्होल्टला लावलेला असतो. बॉडी अर्थ करायची आणि तारांच्या ब्रशसारखा प्रोब लायनिंगवरून फिरवायचा. लायनिंगला आरपार भोक असलं की वीज तिथून लोखंडावर उडी मारते. कोरड्या हवेत १ मिमी फट ओलांडायला ढोबळमानानं ३ किलोव्होल्ट लागतात, त्यामुळे ३ मिमी खोल पिनहोल १५ किलोव्होल्टला अडवू शकत नाही.

पण पावसाळ्यात लायनिंगच्या पृष्ठभागावर दमटपणाचा पातळ थर बसतो आणि वीज त्यावरून सरपटत फ्लँजच्या उघड्या लोखंडापर्यंत जाते. नवा पोरगा त्यालाही फुली मारतो. खरी ठिणगी एका बिंदूवर बसते, पांढरट-निळी असते, चट् चट् आवाज करते आणि प्रोब लांब नेऊन परत आणला तरी त्याच जागी उठते. खोटी जांभळट, पसरट असते, जागा बदलत राहते आणि बहुतेक वेळा तोंडाच्या बाहेरच्या कडेकडे धावते. आम्ही आता टेस्टच्या आधी गरम हवेच्या ब्लोअरनं बॉडी कोरडी करतो. स्पिरिटनं पुसायची सवय असेल तर ते पूर्ण उडाल्याशिवाय प्रोब लावू नका. आमच्याकडे एकदा फ्लँजवर निळी ज्योत उठली होती. कुणाला काही झालं नाही, पण त्या दिवसापासून स्पिरिटची बाटली त्या टेबलावर ठेवत नाही.

ही टेस्ट काय सांगत नाही तेही लक्षात घ्या. लायनिंग ३ मिमीच्या जागी १ मिमी असलं, तरी ते १ मिमी सलग असेल तर १५ किलोव्होल्टला ठिणगी येत नाही. पोटात बंद बुडबुडा असला तरी येत नाही. जाडी मोजायला चुंबकीय गेज वेगळा लागतो, आणि तोही ५ मिमीपर्यंत वाचणारा. रंगकामवाल्यांकडचा साधा गेज बहुधा १-२ मिमीच्या पुढं वाचत नाही. शेजारच्या शेडमधून असाच एक गेज आणून आम्ही दोन दिवस गोंधळ घातला होता.

फुली नको, घड्याळ काढा

आम्हाला पहिला उजेड पडला तो एका साध्या कागदामुळं. पूर्वी नापास बॉडीवर फुली मारायची आणि पुढची घ्यायची अशी पद्धत होती. मग आम्ही बॉडीच्या दोन्ही तोंडांचं चित्र छापलं, गेट, म्हणजे वितळलेला माल साच्यात शिरतो ते तोंड, जिथं येतो ती जागा १२ वाजता धरली आणि प्रत्येक ठिणगी त्या घड्याळावर टिंब देऊन दाखवायला लावली. पाळीत दहा मिनिटं जास्त जातात. पंधरा-वीस बॉड्यांचे कागद एकावर एक ठेवले की टिंबं बोलायला लागतात.

टिंबं सगळी एकाच बाजूला असतील आणि त्या बाजूची जाडीही कमी भरत असेल तर कोअर, म्हणजे बोअरची पोकळी राखणारा साच्यातला मधला दांडा, सरकतोय. वितळलेला पीएफए घट्ट असतो, तो आत शिरताना कोअरला ढकलतो, आणि कोअरच्या बसण्याच्या जागेत थोडी झीज असली तरी तेवढं त्याला पुरतं. टिंबं ६ वाजताच्या आसपास एका रेषेत आली तर ती वेल्ड लाइन. गेटमधून आलेला माल दोन बाजूंनी वळसा घालून समोर भेटतो, आणि बॉडी तिथं थंड असेल तर दोन्ही प्रवाह एकमेकांना टेकतात पण मिसळत नाहीत. टिंबं कुठंही विखुरलेली असतील तर शॉट ब्लास्टिंगचे (दाण्यांचा मारा करून लोखंड साफ करण्याचे) अडकलेले दाणे, लायनिंग अडकवणाऱ्या डोव्हटेल खाचेतला बर, म्हणजे कापताना राहिलेली धातूची कड, नाहीतर पीएफएच्या दाण्यांतला काळा कचरा शोधा. पीएफएचे दाणे स्थिर विजेनं धूळ ओढतात, आणि आमच्यासारख्या ग्राइंडर चालू असलेल्या शेडमध्ये ती धूळ लोखंडाची असते. बॅग उघडी ठेवणं म्हणजे स्वतःच्या हातानं ठिणगी पेरणं.

आमची टिंबं गळ्यावर होती, पण घड्याळाच्या कुठल्याही तासाला. त्यातल्या त्यात रायझर (ओतकामात जादा धातू पुरवणारा उंचवटा) काढलेल्या बाजूला गर्दी होती. म्हणजे ना कोअर, ना वेल्ड लाइन.

बॉडी कापा

नापास बॉडी कापायला जीव होत नाही, कारण ती परत वापरता येते असं वाटत असतं. दोन तरी कापाच. कट-ऑफ व्हीलनं नको, कारण त्याच्या उष्णतेनं लायनिंग वितळून सगळा पुरावा सारवला जातो आणि धूरही होतो. बँडसॉवर, हळू फीडनं, ठिणगीच्या टिंबातून उभी कापायची.

आम्हाला दिसलं ते असं: लायनिंगमध्ये मोहरीएवढा गोल, आतून चकचकीत बुडबुडा, लोखंडाला चिकटलेला. त्याच्या भोवती किंचित तपकिरी छटा. आणि बरोबर खाली लोखंडात सुईच्या टोकाएवढं भोक. काही ठिकाणी बुडबुड्यातून वरपर्यंत केसाएवढी वाट गेलेली होती, तिथूनच ठिणगी यायची.

तरी शॉपवर वाद झालाच. आमचे फोरमन, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांचं म्हणणं हा वायूचा बुडबुडा. प्रेसवाल्याचं म्हणणं थंड होताना माल आकसून पडलेली पोकळी. दोन्हींचा इलाज उलटा असल्यामुळं हा वाद सोडवणं भाग होतं. प्लास्टिकच्या मोल्डिंगवाल्यांकडे यासाठी जुनी युक्ती आहे. बुडबुडा असलेला लायनिंगचा तुकडा सोलून घ्यायचा आणि हॉट एअर गननं मऊ होईपर्यंत तापवायचा. आत वायू अडकलेला असेल तर तुकडा फुगतो. आकसण्यानं झालेली पोकळी असेल तर आत काहीच नसतं, तो खाली बसतो. आमचे तुकडे एक्झॉस्टखाली पुरीसारखे फुगले. मामा काही बोलले नाहीत, फक्त चष्मा पुसला.

गळाच का?

गळ्यावर तीन गोष्टी एकत्र येतात. पहिली फाउंड्रीतली. पातळ भिंत जाड फ्लँजला मिळते तिथं धातूचा गठ्ठा असतो, तो सगळ्यात शेवटी थिजतो, आणि त्याला रायझरमधून पुरेसा धातू मिळाला नाही तर आत बारीक बारीक पोकळ्या राहतात. कास्टिंगच्या सालीखाली त्या झाकलेल्या असतात. दुसरी गोष्ट लेथवरची. आपण तोच भाग टर्न करतो आणि साल काढून त्या पोकळ्यांची तोंडं उघडी करतो. तिसरी पीएफएची स्वतःची. साच्याच्या तापमानापासून थंड होईपर्यंत तो साधारण ४ टक्के आकसतो. १०० मिमी लांबीला ४ मिमी. तेवढ्याच लांबीचं लोखंड त्याच काळात जेमतेम ०.४ मिमी आकसतं. पीएफए लोखंडाला चिकटत नाही, डोव्हटेल खाचांत अडकून बसतो, आणि दोन्ही तोंडांना आत ओढत राहतो. ही सगळी ओढ गळ्याच्या कडेवर येते. तिथं बुडबुडा असला की तो ताणला जाऊन उघडतो. तोच बुडबुडा बोअरच्या मध्यात कदाचित वर्षानुवर्षं गप्प बसेल.

आणि कड धारदार असली की विचारू नका. ड्रॉइंगवर आमचा ३ मिमी रेडियस होता. रेडियस गेज लावून बघितलं तर प्रत्यक्षात काही बॉड्यांवर १ मिमीच्या आसपास. इन्सर्ट (लेथच्या हत्याराचं कापणारं टोक) बदलला, प्रोग्रॅम तसाच राहिला, आणि शेवटी "फाइल मारली की झालं" या भरवशावर माल पुढं गेला. लायनिंगच्या जाडीएवढा तरी रेडियस हवाच, असं माझं मत आहे. आता गळ्याचा रेडियस गेज लेथवरच्या माणसाच्या टेबलाला साखळीनं बांधून ठेवलाय.

पाणी आलं कुठून

वायू म्हणजे वाफ, इथपर्यंत कळलं. पीएफए पाणी पीत नाही म्हणण्याइतकं कमी पितो, त्यामुळं नायलॉनसारखे दाणे तासन्‌तास वाळवून काही हाती लागत नाही. आम्ही तेही करून बघितलं. पाणी लोखंडाच्या भोकांत होतं. ०.०५ मिलिलिटरचा एक थेंब ३६० अंशांना, मोकळ्या हवेच्या दाबाला, सुमारे १४० मिलिलिटर वाफ होतो. प्रेसच्या दाबाखाली ती दबते, पण नाहीशी होत नाही. दाब सोडला की जागा मागतेच.

पहिला संशय वाहतुकीवर. आमची बरीचशी कास्टिंग्ज कोल्हापूरकडून येतात. तवंदी घाट, संकेश्वर, हत्तरगी करत उघड्या टेम्पोतून येणारा माल पावसाळ्यात निथळतच उतरतो. बेळगावच्या फाउंड्रीतून आलेला मालही आवारात उघड्यावर पडलेला असायचा. ताडपत्र्या घातल्या. थोडा फरक पडला. थोडाच.

मग मी एक बॉडी कास्टिंग उतरण्यापासून प्रेसपर्यंत डोळ्यांनी पाठलाग केली, अगदी तिच्याबरोबर फिरलो. लेथवर कूलंट: पाण्यात मिसळलेलं तेल, नुकत्याच उघडलेल्या भोकांवर धो धो. पुढं उघड्या, म्हणजे लायनिंग न केलेल्या, बॉडीची हायड्रो टेस्ट: दाबानं पाणी भरून गळती बघायची. दीडशे क्लासच्या डब्ल्यूसीबीला ती ३० बारची. म्हणजे आम्ही स्वतः, पंप लावून, ३० बार दाबानं त्या भोकांत पाणी कोंबत होतो! मग वरवर पुसायचं, शॉट ब्लास्ट करायचं, रात्रभर रॅकवर ठेवायचं, सकाळी ओव्हनमध्ये. आणि ब्लास्टिंगच्या कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी कुणी कधी सोडलं होतं कोण जाणे. नोझलसमोर पांढरा कागद धरला तर त्यावर तेल-पाण्याचे तुषार उमटले.

इथं सगळं जुळलं. कूलंट, हायड्रो, ब्लास्टिंग हे बारा महिने असंच चालत होतं. पण एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या शेडखाली तापलेल्या रॅकवर बॉडी आठ-दहा दिवस पडायची आणि आपोआप वाळायची. आमच्या पद्धतीतलं भोक ऊन बुजवत होतं. पाऊस सुरू झाला की ते फुकटचं काम बंद पडायचं आणि दोष पावसाला मिळायचा.

उघड्या बॉडीची हायड्रो पास झाली म्हणून लोखंड चांगलं, हाही एक गैरसमज आमच्याकडे होता. हायड्रो आरपार गळती पकडते. आतल्या बाजूला तोंड उघडून दोन मिमी खोल जाऊन थांबलेलं भोक तिला दिसत नाही. लायनिंगला मात्र नेमकं तेच नडतं.

आता आम्ही काय करतो

क्रम बदलला, एवढंच म्हटलं तरी चालेल, पण तपशील महत्त्वाचा आहे. टर्निंग आणि हायड्रो झाल्यावर बॉडी ग्रीस-तेलापासून धुतो आणि रिकामीच ओव्हनमध्ये घालतो, ३८० अंशांना. फ्लँजचा जाड भाग त्या तापमानाला पोचल्यापासून दोन तास मोजायचे. मुद्दा असा की ही भाजणी साच्याच्या वेळच्या तापमानापेक्षा वरची हवी. लायनिंग भरताना बॉडी आम्ही ३५० च्या आसपास ठेवतो, म्हणजे जो काही वायू निघायचा तो आधीच निघून जातो. ब्लास्टिंग या भाजणीनंतर, कारण भाजल्यावर वर ऑक्साइडची साल येते. आणि ब्लास्ट झालेली बॉडी त्याच पाळीत प्रेसवर गेली पाहिजे. पावसाळ्यात ब्लास्ट केलेलं डब्ल्यूसीबी सकाळपर्यंत पिवळं पडतं. तो गंजही पाणी धरून ठेवणारा असतो आणि तापला की सोडतो. उरली तर दुसऱ्या दिवशी परत ब्लास्ट, सबब नाही.

यातला एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. ओव्हनवरचा आमचा पोरगा बैलहोंगलकडचा, घरी कन्नड. पहिल्या पावसाळ्यात मी बॉडीवर बोट ठेवून त्याला सारखं म्हणायचो, "अरे, ओल हाय, ओल!" आणि तो प्रत्येक वेळी मान हलवून ओव्हनकडे बघायचा. मला वाटायचं याचं लक्षच नाही. कन्नडमध्ये 'ओले' म्हणजे चूल. तो समजत होता, सर चुलीत घालायला सांगतायत. त्याचं तेव्हाच ऐकलं असतं तर एक पावसाळा वाचला असता.

भाजणीचा दुसरा फायदा अनपेक्षित निघाला. ओव्हनमधून काढलेल्या काही बॉड्यांच्या गळ्यावर काळे ओघळ दिसले. भोकं मेटल पुट्टीनं बुजवून, वर घासून पाठवलेली होती. पुट्टी असो की पोरॉसिटी बंद करायला भरलेलं सीलंट, हे पदार्थ पीएफएच्या तापमानाला टिकत नाहीत, जळून वायू सोडतात. साध्या, लायनिंग नसलेल्या व्हॉल्व्हला कदाचित चालून जात असेल. आम्ही खरेदीच्या कागदावर आता स्पष्ट लिहितो: लायनिंगसाठीचं कास्टिंग, पुट्टी आणि सीलंट चालणार नाही, दुरुस्ती करायची तर खणून वेल्डिंगनं आणि आम्हाला कळवून. गळ्याच्या जागी मशीनिंगनंतर डाय पेनिट्रंट, म्हणजे बारीक भोकांत शिरणारा लाल रंग, मारून लाल ठिपके बघतो. मोठं भोक दिसलं तर वेल्ड करतो आणि परत टर्न करतो. पेनिट्रंटही भोकात शिरतं हे विसरू नका, म्हणून ती तपासणी भाजणीच्या आधी.

तापमान कुणाचं?

ओव्हनचा कंट्रोलर ३५० दाखवतो ते हवेचं. फ्लँज त्या वेळी ३०० लाही नसतो. पीएफए ३०२ ते ३१० अंशांना वितळतो, म्हणजे त्याच्या खालचं लोखंड मालाला जागेवर थिजवणार. फ्लँजच्या मागं एक भोक पाडून त्यात थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) खुपसून एकदा तुमच्या ओव्हनचा वेळ काढा, आणि तो वेळ बॉडीच्या साइजप्रमाणे कार्डावर लिहा. हे एकदाच करायचं काम आहे. ओव्हन पूर्ण भरला तर वेळ वाढतो, तेही लिहून ठेवा.

पॉटमधला माल आम्ही ३६० ते ३८० मध्ये ठेवतो. त्याच्या वर रेटून फ्लो वाढवण्याचा मोह होतो, आणि पहिल्या पावसाळ्यात मी तोच केला. ४०० च्या पुढं जास्त वेळ राहिला की माल तुटायला लागतो, रंग बदलतो, हायड्रोजन फ्लोराइड सुटतो. तो पॉटच्या साध्या स्टीललाही खातो, म्हणून पीएफएला लागणारे भाग निकेल मिश्रधातूचे असावेत. स्टीलच्या पॉटमधून मालात येणारे काळे कण पुन्हा ठिणगीच देतात. लाईट गेली आणि माल पॉटमध्ये तासभर उकडत बसला तर तो काढून टाकायचा. महाग आहे, मान्य. पण तो पुढच्या बॉडीत भरणं त्याहून महाग. स्प्रूचे, म्हणजे गेटच्या वाटेत थिजून उरलेल्या मालाचे, तुकडे दळून नव्या दाण्यांत मिसळण्याबद्दलही माझं हेच मत. प्रत्येक तापवणीत रेणूंच्या साखळ्या तुटतात, माल पातळ वाहतो, दिसायला छान भरतो, आणि सहा महिन्यांनी गळ्याला तडा जातो. दळलेला माल आम्ही लायनिंगला वापरत नाही.

थंड करणं मात्र घाईनं उरकायचं काम नाही. गेटपासून लांबचं टोक आधी थंड व्हायला हवं, गेट सगळ्यात शेवटी, आणि तोपर्यंत प्रेसचा दाब सुटता कामा नये. आकसणारी जागा भरायला माल तिथूनच येतो. आमच्याकडे रात्रपाळीला मोठा पंखा सरळ सगळ्या साच्यावर सोडायचे. गेट आधी थिजायचा, मग पुढं दाब ठेवून उपयोग शून्य. त्या बॉड्या कापल्या तर खाचेच्या जाड भागात वेड्यावाकड्या पोकळ्या दिसल्या, आणि हॉट एअर गनखाली त्या खाली बसल्या. म्हणजे प्रेसवाला अगदीच चूक नव्हता. दिवसपाळीच्या बॉड्यांत वाफ होती, रात्रपाळीच्या काही बॉड्यांत पोकळी. दोन रोग एकाच लक्षणाखाली लपले होते, म्हणून एक उपाय केला की आकडा थोडा कमी व्हायचा आणि परत वर यायचा. पाळीप्रमाणे कागद वेगळे ठेवल्यावर हे दिसलं.

आज पास, आठवड्यानं नापास

गळ्यावरची ओढ लगेच दिसत नाही. ट्रिमिंगनंतर (वाढीव माल कापून टाकल्यावर) पास झालेली बॉडी चार दिवसांनी असेंब्लीत नापास होते तेव्हा सगळे टेस्टरवर संशय घेतात. आम्ही आता दोनदा टेस्ट करतो. पहिली ट्रिमिंगनंतर. मग बॉडी ओव्हनमध्ये १५० अंशांपर्यंत तापवून हळू थंड करायची, असं दोनदा, चोवीस तास थांबायचं, आणि परत टेस्ट. कमकुवत गळा यात उघडा पडतो. तो आपल्या शेडमध्ये पडलेला बरा, आम्लाच्या लाईनवर नको.

तोंडावरच्या लाकडी झाकणांबद्दल एक ओळ. ती पॅकिंगची नसतात. पीएफएचं तोंड मोकळं ठेवलं की हळूहळू उचलतं. लाईनवर बसवेपर्यंत झाकण काढू नका, असं आम्ही मराठी, कन्नड आणि हिंदीत लिहून चिकटवतो, तरी पार्टी पहिली झाकणंच काढते.

नापास बॉड्यांचं काय

गॅसकटरनं लायनिंग जाळून बॉडी मोकळी करू नका. हे मी अगदी हात जोडून सांगतो. पीएफएचा धूर साधा नसतो, त्यात हायड्रोजन फ्लोराइडबरोबर त्याहून घातक वायूही असू शकतात. थोड्या धुरानंही रात्री थंडी वाजून ताप येतो, आणि माणूस समजतो पावसात भिजल्यामुळं आला. दाण्यांजवळ बिडी-सिगारेटही नको. बोटाला लागलेली भुकटी विस्तवावर गेली तरी तोच ताप. आम्ही बॉडी एक्झॉस्टच्या ओव्हनमध्ये २५० ते २८० पर्यंत तापवतो, लायनिंग मऊ झालं की लांबीनं चिरतो आणि पकडीनं ओढून काढतो. खाचेत राहिलेले तुकडे लेथवर, हळू स्पीडनं. मग ती बॉडी नव्या कास्टिंगसारखी पहिल्यापासून: धुणं, भाजणी, ब्लास्टिंग. तिसऱ्यांदा नापास झाली तर भंगार.

गेल्या पावसाळ्यात ५० मिमीच्या गळ्यावरची टिंबं जवळजवळ थांबली. २५ मिमीच्या बॉडीत अजून एक ठिणगी उरलीय. ती गळ्यावर नाही, गेटच्या बरोबर समोर, रेषेत येते. बॉडी लहान, ओव्हनमधून प्रेसपर्यंत नेईतोवर लोखंड भराभर निवतं, असा मामांचा अंदाज. ओव्हनपासून प्रेसपर्यंत अकरा पावलं आहेत. या आठवड्यात ओव्हन सरकवून चार पावलांवर आणतोय, नाहीतर बॉडीला वरून ग्लास वूलचं जाकीट घालून बघणार.